राणीच्या तोंडातलं विरजण

वाचण्याआधी
तुमच्या घरी दही कसं लावतात? घरातलं विरजण संपलं तर काय करतात? हे दोन प्रश्न आई-बाबांना किंवा आजीला विचारा आणि मग हा पाठ वाचा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

पहाटेचे पाहुणे

मे महिन्यातली गोष्ट आहे. आम्ही अमेरिकेत टेक्सस राज्यात, ऑस्टिन शहराजवळ राहतो. आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला होता. रात्री मात्र आभाळ एकदम स्वच्छ होतं आणि चंद्रही नव्हता. पहाटे कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला मी बाहेर आलो, तर दाराजवळच्या दिव्याखाली मोठे मोठे तपकिरी किडे पडलेले. प्रत्येकाला लांब पंख होते.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती डोळे चोळत आली आणि म्हणाली, "बाबा, या गांधीलमाश्या आहेत का?"

मलाही आधी तसंच वाटलं. मग नीट वाकून पाहिलं. त्या मुंग्या होत्या! साध्यासुध्या नाही, तर पानकापी मुंग्यांच्या राण्या. अंगाने जवळजवळ २ सेंटिमीटर लांब. काहींनी आपले पंख स्वतःच पायांनी ओढून काढून टाकले होते आणि त्या माती उकरायला लागल्या होत्या.

आम्ही चार राण्या चार डब्यांत ठेवल्या. मुलीने डब्यांवर १, २, ३, ४ असे स्टिकर लावले. पुढच्या तीन महिन्यांत त्या चार डब्यांनी आम्हाला जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पानं कापते, पण पानं खात नाही

पानकापी मुंग्या फक्त अमेरिका खंडांत सापडतात. टेक्ससपासून खाली अर्जेंटिनापर्यंत त्यांच्या वेगवेगळ्या जाती आहेत. आमच्याकडच्या जातीचं शास्त्रीय नाव आहे 'आट्टा टेक्साना'. ती टेक्सस, लुइझियाना आणि मेक्सिकोच्या ईशान्य भागात राहते.

या मुंग्या पानाचे तुकडे कापतात आणि डोक्यावर छत्री धरावी तसे धरून रांगेने वारुळाकडे नेतात. हे दृश्य तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. बघणाऱ्याला वाटतं, घरी जाऊन खात असतील. पूर्वी लोकांनाही तसंच वाटायचं.

थॉमस बेल्ट नावाचा एक इंग्रज इंजिनियर निकाराग्वा देशात खाणीवर काम करत होता. त्याने या मुंग्यांची घरं खणून पाहिली. आत पानांचा साठा नव्हता. होते ते करड्या, स्पंजसारख्या बुरशीचे गोळे. १८७४ साली त्याने आपल्या पुस्तकात लिहिलं, की मुंग्या पानं खात नाहीत, पानांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. म्हणजे मुंग्या शेती करतात! मी स्वतः कॉम्प्युटरवाला, कीटकशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे हा शोध एका इंजिनियरने लावला याचा मला जरा जास्तच आनंद होतो. पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये अभ्यास करून बेल्टचं म्हणणं बरोबर असल्याचं दाखवलं.

ही शेती चालते कशी? मोठ्या मुंग्या पानं कापून आणतात. त्यांच्यापेक्षा लहान मुंग्या त्या पानांचे अगदी बारीक तुकडे करतात, चाटून साफ करतात, चावून मऊ लगदा करतात. त्या लगद्यावर स्वतःच्या विष्ठेचा थेंब टाकतात. हे झालं खत! मग जुन्या बुरशीतला एक छोटा धागा उचलून त्या लगद्यावर लावतात, जसं आपण भाताचं रोप लावतो. सगळ्यात लहान मुंग्या रात्रंदिवस खुरपणी करतात, म्हणजे नको असलेली दुसरी बुरशी काढून टाकतात. बदल्यात बुरशी आपल्या धाग्यांच्या टोकांवर बारीक फुगीर गाठी धरते. त्या पौष्टिक असतात. मुंग्यांच्या पिल्लांचं, म्हणजे अळ्यांचं, ते एकमेव अन्न.

माणसाने शेती सुरू केली त्याला साधारण १०-१२ हजार वर्षं झाली. मुंग्यांची बुरशीची शेती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली असं शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो. एक प्रचंड लघुग्रह पृथ्वीवर आदळून डायनोसॉर नाहीसे झाले, तो हाच काळ. पानं कापायची कला मात्र त्यांनी बऱ्याच नंतर आत्मसात केली.

माहेरची शिदोरी

आता खरी गंमत. मुंगीला बुरशी हवी आणि बुरशीला मुंगी हवी. एकीवाचून दुसरी जगत नाही. मग नवीन राणी जेव्हा एकटीच उडून दूर जाते, तेव्हा नव्या घरात बुरशी येते कुठून?

याचं उत्तर १८९८ साली ब्राझीलमध्ये हर्मन फॉन इहेरिंग यांना सापडलं. राणीच्या तोंडात, खालच्या बाजूला, एक छोटीशी पिशवी असते. माहेर सोडताना राणी आपल्या आईच्या शेतातल्या बुरशीचा एक कण त्या पिशवीत भरून घेते. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान कण!

हे ऐकल्यावर माझी मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे आजीचं विरजण!"

अगदी बरोबर. चमचाभर विरजणातून पातेलंभर दही होतं, तसं त्या कणातून पुढे अख्खं शेत उभं राहतं. पण एक फरक आहे. आपलं विरजण संपलं, तर आपण शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जातो. राणीला शेजार नाही. तो कण वाळला, कुजला किंवा हरवला, की सगळं संपलं. आमच्या भाषेत सांगायचं, तर तिच्याकडे 'बॅकअप' नसतो.

बंद खोलीतले दोन महिने

उडत असतानाच राणी काही नरांशी मीलन करते. नर लवकरच मरून जातात. राणीला मात्र त्या एका रात्रीची शिदोरी आयुष्यभर पुरते. ती दहा वर्षांहून जास्त जगू शकते आणि तेवढी सगळी वर्षं अंडी घालते. ती पुन्हा कधीही उडत नाही.

जमिनीवर उतरल्यावर ती पंख टाकते, खोल बीळ खणते, तळाशी एक छोटी खोली करते आणि वरचं तोंड मातीने बंद करते. आत ती एकटी. मग काय होतं हे याकोब ह्यूबर या स्विस शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये बेलेम इथे राण्या पाळून नीट पाहिलं आणि १९०५ साली लिहिलं.

पहिल्या एक-दोन दिवसांत राणी तो कण थुंकून बाहेर काढते. दोन-तीन दिवसांत त्यातून पांढरे बारीक धागे फुटतात आणि त्याच सुमाराला ती पहिली अंडी घालते. आता पानं आणायला कुणी नाही. मग खत कुठलं? राणी बुरशीचा एक तुकडा तोंडाने उपटते, पोट पुढे वाकवून त्यावर विष्ठेचा थेंब लावते आणि तो तुकडा परत जागेवर बसवते. दिवसभरात हे ती कितीतरी वेळा करते.

या काळात ती स्वतः बुरशी अजिबात खात नाही. मग जगते कशावर? ज्या स्नायूंनी पंख हलायचे ते स्नायू आणि अंगातली चरबी हळूहळू विरघळून तिला शक्ती देतात. शिवाय ती आपलीच बरीचशी अंडी खाते आणि अळ्यांनाही तीच भरवते. ह्यूबर यांच्या निरीक्षणात १० पैकी जवळजवळ ९ अंडी अशी खाण्यातच जात होती. ऐकायला कसंतरी वाटतं ना? पण विचार करा. दुष्काळात शेतकरी स्वतः उपाशी राहील, पण बियाण्याला हात लावणार नाही. राणीचंही तसंच आहे.

साधारण दीड ते दोन महिन्यांनी पहिल्या कामकरी मुंग्या कोषातून बाहेर येतात. त्या अगदी चिमुकल्या असतात. त्या आल्या की राणीचं शेतकाम संपतं. पुढे तिने फक्त अंडी घालायची.

आमचे चार डबे

हे सगळं मी आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. पण "आधी करा, मग मॅन्युअल वाचा" ही आमच्या धंद्यातली जुनी खोड!

डबे तसे ठीक होते. तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, कारण तो पाणी शोषून घेतो आणि हळूहळू ओलावा देतो. वर घट्ट झाकण. डबे अंधारात, तापमान साधारण २४-२५ अंश सेल्सियस.

डबा १ : बुरशीला ओलावा लागतो म्हणून मी रोज पाणी फवारलं. झाकणाला आतून थेंब लटकायला लागले. आठवड्याभरात हिरवी बुरशी आली आणि तिने राणीचं शेत गिळून टाकलं. दहाव्या दिवशी राणी मेली. ओलावा हवा, पण ओलं नको. माझ्या आईने कोथिंबीर कशी ठेवायची हे सांगताना मला हेच सांगितलं होतं.

डबा २ : मुलीच्या मैत्रिणी आल्या की आम्ही हाच डबा उघडून दाखवायचो. दिवसातून चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी उजेड पडला की राणी बुरशी तोंडात धरून सैरावैरा पळायची. शेवटी तिने ती टाकून दिली. तिने अंडीही घातली नाहीत. तीन आठवड्यांनी तीही गेली. दही लागत असताना पातेलं सारखं हलवलं तर काय होतं, ते तुम्हाला घरी सांगतील.

डबा ३ : इथे सगळं छान चाललं होतं. बुरशी वाटाण्याएवढी झाली, त्यात अंडी दिसत होती. आणि एका सकाळी राणी उताणी पडलेली दिसली. मुलगी खूप रडली. "आपण तर काहीच चूक केली नव्हती!" असं ती परत परत म्हणत होती.

तेव्हा मी तिला एक आकडा सांगितला. ब्राझीलमध्ये मारियो आउतुओरी या शास्त्रज्ञाने अशाच एका जातीच्या ३,५५८ नव्या वसाहतींची नोंद ठेवली होती. तीन महिन्यांनी त्यांतल्या फक्त ९० जिवंत होत्या. म्हणजे १०० मधल्या दोन किंवा तीन! पक्षी, कोळी, दुसऱ्या मुंग्या, पूर, रोगट बुरशी, सगळेच टपलेले असतात. प्रत्येक वेळी कुणाची चूक असतेच असं नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने डबा ४ कडे बोट दाखवलं.

डबा ४ : हा डबा एसीच्या झोताजवळ राहिला होता. प्लास्टर वाळलं होतं, बुरशी आक्रसून तपकिरी झाली होती. राणी जिवंत होती, तिच्याजवळ थोडी अंडीही होती, पण शेत मेलं होतं.

"बाबा, तीन नंबरचं विरजण चार नंबरला देऊ या का?"

मी वाचून पाहिलं. प्रयोगशाळेतही असं करतात. राणीची बुरशी गेली, तर त्याच जातीच्या दुसऱ्या वसाहतीतला तुकडा तिला देतात आणि पुष्कळदा ती तो स्वीकारते. आम्ही चिमटा गरम पाण्यात उकळून गार केला, प्लास्टर थोडंसं ओलं केलं आणि डबा ३ मधली बुरशी अलगद उचलून राणीजवळ ठेवली. राणीने मिशांनी ती चाचपली. मग चाटायला लागली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तिने आपली अंडी उचलून त्या बुरशीवर नेऊन ठेवली होती.

आम्ही डबा कपाटात ठेवला, एसीपासून लांब, आणि ठरवलं की आठवड्यातून एकदाच बघायचं, तेही लाल दिव्यात. मुलीने तो नियम पाळला. मी दोनदा मोडला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिने मला ऑफिसच्या मीटिंगमधून ओढून नेलं. बुरशीवर पाच बारीक मुंग्या चालत होत्या.

पहिलं पान

कामकरी मुंग्या आल्यावर आम्ही पारदर्शक नळीने एक दुसरा डबा जोडला. त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि कोवळी पानं ठेवली. कीटकनाशक न मारलेलीच हवीत, कारण मुंग्या विषारी पान शेतात घेऊन गेल्या तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही मरतात. पहिले काही दिवस त्यांनी काहीच केलं नाही. मग एका संध्याकाळी पाकळीच्या कडेला अर्ध्या चंद्रासारखी खाच दिसली. नखाने काढावी तेवढीच.

तिसरा डबा कचऱ्यासाठी. या मुंग्या फार टापटिपीच्या असतात. वापरून झालेली बुरशी आणि मेलेल्या मुंग्या त्या शेतापासून दूर नेऊन टाकतात, कारण कचऱ्यातून रोग पसरतो. त्यांच्या बागेत 'एस्कोवॉप्सिस' नावाची एक परकी बुरशी घुसते. मुंग्यांनी राबून वाढवलेल्या पिकावर ती फुकटात जगते. आयत्या बिळावर नागोबा! म्हणून साफसफाई हा त्यांच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. "आम्हालाही पाळायच्या आहेत," असं तुम्ही म्हणाल. थांबा. राणी तुम्ही कॉलेजला जाईपर्यंत जगू शकते आणि मोठ्या वसाहतीत लाखो मुंग्या होतात. त्या पिकांचं आणि झाडांचं बरंच नुकसान करतात. म्हणून अमेरिकेत त्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कृषी खात्याची परवानगी लागते. आमची राणी आमच्याच अंगणातली आहे. पण उद्या माझी बदली कॅलिफोर्नियाला झाली, तर तिला बरोबर नेता येणार नाही. हे मी मुलीला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. सांगितलं ते खूप उशिरा, आणि त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. पाळायला घेणं सोपं असतं, शेवटपर्यंत सांभाळणं अवघड. तुम्हाला या मुंग्या बघायच्या असतील, तर न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये सुमारे ५ लाख पानकापी मुंग्यांची वसाहत आहे. तिथे आई-बाबांबरोबर जाऊन या.

आणि आपल्याकडे?

भारतात पानकापी मुंग्या नाहीत. पण बुरशीची शेती करणारे किडे आहेत, आणि त्यांचं घर तुम्ही गावी गेल्यावर नक्की पाहिलं असेल. ते म्हणजे वारूळ! आपण वारुळाला मुंग्यांचं घर म्हणतो, पण मातीची ती उंच वारुळं खरं तर वाळवी बांधते. वाळवी मुंगी नाही. ती झुरळाच्या नात्यातली आहे. तिच्या काही जाती वारुळात लाकूड आणि पाचोळ्यावर बुरशी वाढवतात. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. कोकणात आणि गोव्यात लोक त्या अळंबीची वाट बघत असतात. (जाणकार मोठं माणूस बरोबर नसेल तर रानातली अळंबी कधीही तोडू नका. काही विषारी असतात.)

मुंगी आणि वाळवी यांचं काही नातं नाही. राहतात वेगवेगळ्या खंडांत. तरी दोघींनी शेती शोधून काढली.

गेल्या महिन्यात माझी आई सांगलीहून आली. तिला आम्ही डबा ४ दाखवला आणि सगळी गोष्ट सांगितली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला आणि विचारलं, "तुमच्या घरात मुंगीकडे विरजण आहे. माणसांकडे का नाही रे?"

त्या रात्री शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन मुलगीच गेली.

शब्दार्थ

विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालायचं थोडंसं जुनं दही
बुरशी – ओल्या जागी किंवा शिळ्या अन्नावर वाढणारा, झाडही नाही आणि प्राणीही नाही असा सजीव
वसाहत – एकत्र राहणाऱ्यांची वस्ती
शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेलं खाणं
माहेर – लग्न झालेल्या मुलीच्या आई-वडिलांचं घर
खुरपणी – पिकातलं नको असलेलं गवत काढणं
बियाणं – पेरण्यासाठी जपून ठेवलेलं धान्य
आक्रसणे – वाळून किंवा थंडीने लहान होणे
सैरावैरा – वाट फुटेल तिकडे
आयत्या बिळावर नागोबा – दुसऱ्याच्या कष्टाचं फळ स्वतः घेणारा

विचार करा आणि लिहा

१. राणीने आणलेल्या बुरशीला मुलीने 'आजीचं विरजण' का म्हटलं? दोन्हींत सारखं काय आहे आणि वेगळं काय आहे?
२. पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत राणी कशावर जगते?
३. डबा १ आणि डबा ४ मधल्या चुका एकमेकींच्या उलट आहेत. कशा ते सांगा.
४. "प्रत्येक वेळी कुणाची चूक असतेच असं नाही." हे वाक्य पाठात कुठे आलं आहे? तुम्हाला असा कधी अनुभव आला आहे का?
५. लेखकाने मुलीला कोणती गोष्ट उशिरा सांगितली? तुम्ही तिच्या जागी असता तर काय म्हणाला असता?
६. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण वापरून तुमच्या शाळेतला किंवा घरातला एक प्रसंग पाच ओळींत लिहा.

घरी करून बघा : आई-बाबांच्या मदतीने दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. दोन्हींत अर्धा चमचा विरजण घाला. एक वाटी अजिबात हलवू नका, दुसरी दर अर्ध्या तासाने ढवळा. दुसऱ्या दिवशी काय दिसलं ते चार वाक्यांत लिहून वर्गात वाचून दाखवा.